काकाजींचा वन्स मोअर

"पोरीचा रियाज कच्चा आहे," काकाजी पलीकडच्या माणसाला म्हणाले. हळूच म्हणाले, पण मी त्यांच्या अलीकडच्या खुर्चीवर होते, म्हणून मला ऐकू आलं.

स्टेजवरची बाई पदाच्या मधोमध थांबली होती. तान वर चढत गेली आणि टोकाला पोचण्याआधी तुटली. तिने पदर तोंडाशी नेला, खोकली, ऑर्गनवाल्याकडे पाहिलं आणि तीच ओळ पुन्हा धरून पद पूर्ण केलं. दुसऱ्या वेळी ते असं म्हटलं की गाण्यातलं काहीही न कळणारी मी खुर्चीत सरळ होऊन बसले. पद संपलं. टाळ्या पडल्या आणि थांबल्या. मग पत्र्याच्या शेडमध्ये जमलेली माणसं एकेक करून आमच्या रांगेकडे पाहू लागली. बाईही पाहत होती. काकाजी दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवून समोर बघत राहिले. बाईने मान लववली आणि ती विंगेत गेली.

आयुष्यात पाहिलेलं ते माझं पहिलं संगीत नाटक. मी पंधरा वर्षांची होते. बाबांना ताप होता, पास वाया जायला नको म्हणून आईने मला काकाजींबरोबर पाठवलं होतं. लोक आमच्या रांगेकडे का पाहत होते, ते मला त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं, माझंच काही चुकलं.

काकाजी आमचे घरमालक. बाबा हिंगणघाटच्या एका कापड गिरणीत अधिकारी होते, आणि आम्ही काकाजींच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. घर जिनाच्या आवारातच होतं. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. आमच्या गॅलरीतून त्याची लांबलचक पत्र्याची शेड दिसायची. नवा कापूस दसऱ्यानंतर येणार, तोवर यंत्रं बंद. त्या रिकाम्या शेडमध्ये गणपती उठल्यावर नाटक कंपन्या उतरत. गावात त्याहून मोठं छप्पर नव्हतं.

काकाजींना जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या तरी पट्टीत वाजताना ऐकू यायची. आमच्या कुकरची शिट्टी काळी दोन. जिनाचा भोंगा पांढरी पाच, "पन जरासा उतरलेला." दूधवाल्याच्या सायकलची घंटी त्यांना इतकी बेसूर वाटायची की त्यांनी त्याला बाजारात नेऊन, स्वतः वाजवून वाजवून दुसरी निवडून दिली. दूधवाला आईला म्हणाला, "दूध कसं आहे ते नाई इचारत काकाजी. घंटी इचारते."

माणसांचंही तसंच. माझी आई पांढरी चार. बाबा बोलतात ते "तबल्याच्या डग्ग्यावानी." मी जिन्यावरून खाली उतरताना नमस्कारापुरती मान हलवायची आणि निघून जायची, तेव्हा ते काकूंना ऐकू जाईल असं म्हणत, "या पोरीची पट्टी काई अजून सापडली नाई मले."

मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात शिकत होते, सुट्टीत घरी यायचे. मराठी मला येत होती, पण ती घरापुरती. बाहेर कुणी अनोळखी बोललं की मी इंग्रजीचा आडोसा धरायची. 'थँक्यू' म्हणायचं आणि चालू लागायचं. इंग्रजी शब्दात आपण दिसत नाही, असं मला वाटायचं. शाळेत वर्षातून एकदा पियानो ऐकवायला कुणी पाहुणे यायचे. तेव्हा सिस्टर आम्हाला बजावत की वादन संपेपर्यंत खुर्चीसुद्धा वाजता कामा नये, आणि टाळ्या वाजवायच्या त्या बोटांच्या टोकांनी. त्यामुळे पहिल्याच अंकात, नायकाचं पद संपताच, माझ्या शेजारी बसलेले पांढऱ्या मिशांचे काकाजी शेड दणाणेल अशा आवाजात "वन्स मोअर" म्हणाले, तेव्हा मी खुर्चीत खाली सरकले होते. त्यांच्या पाठोपाठ सगळी शेड ओरडली होती. आणि नायकाने हसून, मघाशी मेलेला त्याचा बाप समोर पडलेला असूनही, ते पद पुन्हा पहिल्यापासून म्हटलं होतं.

हिंगणघाटात पहिला वन्स मोअर काकाजींचा, असा रिवाजच पडला होता. त्यांनी दिला की इतरांनी द्यायचा. त्यांनी नाही दिला तर कुणीच नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं. आधीच्या पिढीतलं कुणी असंच तिसऱ्या रांगेत बसत असेल, ते गेल्यावर जागा काकाजींकडे आली असेल. ते घरून वेताची खुर्ची आणत, चपला खुर्चीखाली काढून ठेवत आणि टाळी कधी वाजवत नसत. सूर हलला तर काठी जमिनीवर एकदा आपटायची. "काठी पडली" म्हणजे त्या नटाची रात्र वाया गेली, हे समुद्रपूरपासून नाचणगावपर्यंतच्या शौकिनांना ठाऊक होतं. तुटलेल्या तानेला वन्स मोअर नाही. सिनेमाच्या चालीला नाही. नटी देखणी आहे म्हणून तर नाहीच. काही प्रयोग असे जायचे की काकाजींचं तोंड शेवटपर्यंत उघडायचं नाही, आणि मग कंपनीचे लोक आवारात सामान बांधताना एकमेकांशी बोलत नसत.

एकदा एका कंपनीचे मालक सकाळीच घरी आले. आढेवेढे घेत म्हणाले, "काकाजी, आज संध्याकाळी एखादा तरी द्या हो. पोरांचा हुरूप वाढेल."

"चहा घ्या," काकाजी म्हणाले. "चहा म्हनान तितक्या डाव देतो."

काकू आतून म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली, माह्या पिठल्याले कधी वन्स मोअर नाई भेटला. तुमच्या पोराइले कुठून भेटन?"

काकू कधी नाटकाला गेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, रडायला त्यांना घर पुरतं.

मी एकदाच धीर करून काकाजींना एक प्रश्न विचारला होता. म्हणजे आईने मला त्यांच्याकडे लोणचं घेऊन पाठवलं होतं आणि ते मला बसवून पदं समजावून सांगत होते, तेव्हा तोंडून निघून गेला. विचारलं, की सगळं नाटक मराठीत, पदं मराठीत, मग तेवढं एक मागणं इंग्रजीत का?

पान लावता लावता काकाजींचा हात थांबला.

"काऊन म्हनजे? आपल्या बोलीत मांगाले लाज वाटते, बेटा. भर सभेत परक्या बाईले 'पुन्हा म्हना वो' म्हनाचं म्हनजे काळीज उघडं केल्यासारखं होते. साहेबाच्या बोलीत मांगलं का कोनाचं काई जात नाई." मग मिशीतल्या मिशीत हसले. "तुले ठाव आहे ते. तू बी तसंच करतं."

मी लोणच्याची बरणी ठेवून वर आले. त्यांनी मला कधी इतकं पाहिलं होतं, कुणास ठाऊक.

पण हे नंतरचं. त्या पहिल्या नाटकाची सकाळ सांगायची राहिली.

कंपनीचा मॅनेजर शेडची किल्ली परत द्यायला आला, तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. काकाजी ओट्यावर बसून दाढी करत होते.

"काल बाईचं जमलं नाई जरा," काकाजी त्याला म्हणाले. "रियाज कच्चा पडला."

मॅनेजरने किल्ली ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "रियाज नाही हो, काकाजी. वरून रुई पडली. नेमका आ वासला होता, घशात गेली. रात्रभर खोकत होती. आवाज बसलाय पार."

काकाजींनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर साबण तसाच घेऊन ते शेडकडे गेले. गड्याकडून लांब बांबू घेतला आणि पत्र्याखालच्या कैच्यांवरून, म्हणजे छपराच्या आडव्यातिरप्या तुळयांवरून, फिरवला. वर्षभर कैच्यांवर साचलेली रुई सुटली आणि भुरभुरत खाली आली. मला वरून दाराचा चौकोन दिसत होता आणि त्यात उभे काकाजी दिसत होते. त्यांच्या टोपीवर, खांद्यावर, गालावरच्या साबणावर पांढरे पुंजके बसले होते. ते झटकत नव्हते.

कंपनीचा ट्रक तोवर वणीच्या रस्त्याला लागला होता. काकाजी दुपारच्या एसटीने वणीला गेले. तिथे त्या दिवशी दुसरं नाटक होतं, त्यात ती बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला गेले. नाटक तेच होतं, पण तिची भूमिका भलत्याच मुलीने केली. बाईंना डॉक्टरांनी बोलायचीही मनाई केली आहे, असं त्यांना विंगेतून सांगण्यात आलं. तिला भेटा, माफी मागा, असं मॅनेजर म्हणाला असावा. काकाजी भेटले नाहीत.

परत आल्यावर काकूंनी विचारलं, "काऊन नाई भेटले? इतकं गेलते तर."

"भेटून काय सांगू? तिले माही माफी नाई पायजे होती. तिले त्या पदाचा वन्स मोअर पायजे होता. तो तिथंच द्याचा रायते, पद झाल्यावर, सगळ्याइच्या समोर." आणि थोड्या वेळाने, "जिन माहं, रुई माही, अन् मी म्हनतो पोरीचा रियाज कच्चा."

त्या वर्षापासून नाटकाआधी शेडला आंघोळ घालायचा प्रकार सुरू झाला. कैच्या झाडून काढायच्या, पत्रा आतून धुवायचा, भिंतींना ओली पोती टांगायची, म्हणजे उरलीसुरली रुई त्यांना चिकटेल. गडी हसायचे. "लेकीच्या लग्नात एवढी साफसफाई नाई केली मालकानं," ते म्हणायचे. काकाजी स्वतः टॉर्च घेऊन वर पाहत फिरायचे आणि जिथे बोटभर पांढरं दिसेल तिथे काठी दाखवायचे. कंपन्या येत राहिल्या. मग कमी येऊ लागल्या. ती कंपनी मात्र पुन्हा हिंगणघाटला उतरली नाही. दर वर्षी गणपतीत काकाजी बाबांना विचारत, पेपरात तिचं कुठे काही आलं का. बाबा पेपर चाळून नाही म्हणत.

मी एम. ए. करत होते त्या वर्षी काकाजींच्या घशात गाठ निघाली. तंबाखू होताच आयुष्यभर. नागपूरला ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्रच काढावं लागलं. वसतिगृहातून मी त्यांना बघायला गेले. गळ्यावर पांढरी घडी बांधलेली होती आणि श्वास तिच्या आडून यायचा. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि उशाखालची मुलांची असते तशी पाटी काढून लिहिलं : "आता आपन दोघं सारखे."

घरी आल्यावर ते पाटीवरच बोलू लागले. बोलायचे तसंच लिहायचे, त्यामुळे पाटी वाचताना त्यांचा जुना आवाज कानात यायचा. हळूहळू तेही कमी झालं. मुलगे जिन बघत होते. खालच्या बैठकीत टीव्ही आला होता. रविवारी संध्याकाळी अर्धं आवार सिनेमा पाहायला तिथे जमायचं आणि काकाजी वेताची खुर्ची घेऊन ओट्यावर येऊन बसायचे.

ती कंपनी आली ती अशा वेळी, त्या पहिल्या नाटकानंतर पंधराएक वर्षांनी. तोच मॅनेजर, केस पांढरे झालेला, शेड ठरवायला आला होता. मी सुट्टीवर होते आणि ओट्यावर पेपर वाचत होते. काकाजींनी त्याला ओळखलं. पाटीवर लिहिलं : "बाई?"

"आहेत की. आता आईच्या भूमिका करतात. आवाज... चालतो."

काकाजींनी त्या जुन्या नाटकाचं नाव लिहिलं.

"ते कोण बघणार आता, काकाजी? लोकांना हसायला पाहिजे. ती भूमिका बाई या वयात—"

काकाजींनी पुसून लिहिलं : "मी."

मॅनेजर पाटीकडे बघत राहिला. मग त्यांच्या गळ्यावरच्या घडीकडे पाहून म्हणाला, "विचारतो बाईंना."

संध्याकाळी निरोप आला की बाई हो म्हणाल्या. रविवारी सहाचा प्रयोग ठरला. ते दोन-तीन दिवस काकाजींनी शेड अशी धुऊन घेतली की पत्र्यातून पाणी ठिबकत होतं.

शनिवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. पाटीवर आधीच लिहिलेलं होतं : "तू चाल संगं. तिचं पद झालं का तू म्हनजो."

मी मान हलवली. नाही म्हणून. "काकाजी, मला नाही जमणार. दादांना सांगा ना, तुमच्या मुलांना."

त्यांनी पुसलं, लिहिलं : "ते कोनत्याबी गोष्टीले म्हनतीन."

पुन्हा पुसलं. या वेळी लिहायला वेळ लागला. "तू कधी फुकटचं बोलली नाई. म्हनून."

मी वर निघून आले. रविवारी साडेपाचला ते खाली काठी घेऊन उभे होते आणि मी त्यांच्याबरोबर निघाले, एवढंच. कबूल मी काही केलं नव्हतं.

शेड निम्मी रिकामी होती. घराच्या बाजूने टीव्हीवरच्या सिनेमाचं गाणं ऐकू येत होतं, ते नांदी सुरू झाली तरी थांबलं नाही. ओल्या पोत्यांचा वास दाटला होता. बाई आल्या तेव्हा मागे कुणीतरी हसलं, कारण त्या राजकन्येच्या पोशाखात होत्या आणि चेहरा आईचा होता. पहिल्या पदाला काकाजींनी मांडीवर बोटं ठेवून मला दाखवलं, पट्टी किती खाली आणली आहे ते. ते मला नेहमी असं दाखवत असत, मला कळतंय असं धरून. त्या वेळी मला कळलं. टाळ्या जेमतेम पडल्या. काठी मात्र पडली नाही.

ते पद तिसऱ्या अंकात. नवऱ्याने टाकलेली राजकन्या एकटी आहे, दिवा विझत आला आहे, आणि ती कुणाला दोष देत नाही. पद सुरू झालं. तान चढू लागली आणि जिथे ती पूर्वी तुटली होती त्याच्या जरा अलीकडे बाई थांबल्या. तबलजीने ठेका धरून ठेवला. बाईंनी मान उचलून वर पाहिलं, सरळ पत्र्याखालच्या कैच्यांकडे.

त्यांच्याही लक्षात होतं.

कैच्या स्वच्छ होत्या. बाईंनी खाली पाहिलं आणि तान पुढे नेली. पूर्वीइतकी भरलेली नव्हती. टोकाजवळ आवाज बारीक झाला, कापराही झाला, पण पोचला, आणि तिथे थोडा वेळ राहिला. मग तान सावकाश खाली आली.

पुढच्या रांगेत टाळ्या पडल्या, मागे एक मूल रडू लागलं. ऑर्गनवाल्याने पुढच्या पदाचा सूर शोधायला हात टाकला. आमच्या रांगेकडे कुणीच पाहत नव्हतं. ज्यांना तो रिवाज माहीत होता ते बहुतेक सगळे गेले होते, आणि जे होते त्यांना काकाजींचं ऑपरेशन माहीत होतं. फक्त बाई पाहत होत्या.

काकाजींच्या हातात काठी होती. ती आपटता येत नव्हती, तिचा अर्थ बाईंना ठाऊक होता. त्यांनी ती वाकून जमिनीवर ठेवली, आवाज होणार नाही अशी. पाटी मांडीवर होती, पण अंधारात स्टेजवरून ती कोण वाचणार? त्यांनी तोंड उघडलं. गळ्यावरची घडी हलली आणि नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला नकार देता आला असता.

बाईंनी मान लववली, पूर्वीसारखीच, आणि विंगेकडे वळल्या.

मी उभी राहिले. माझी खुर्ची वाजली. माणसं वळून पाहू लागली, आणि ऑर्गनवाला थांबला, बाईही थांबल्या. ते दोन इंग्रजी शब्द माझ्या जिभेवर तयार होते. शनिवारपासून मी ते मनात घोकत होते, माझ्या शाळेतल्यासारखे स्वच्छ. ते म्हटले असते तर माझं काही गेलं नसतं.

"बाई," मी म्हणाले, "ते पुन्हा एकदा म्हणा. मागच्या वेळी आमच्याकडून मागायचं राहून गेलं होतं."